वैऱ्याचं सुतक

देवीने माझं ऐकलं, आणि माझ्या त्रासाला तिथूनच सुरुवात झाली. लोक अनुभव सांगतात तेव्हा आधी संकट असतं, मग नवस, मग देव पावतो आणि सगळं सुरळीत होतं. माझंही तसंच झालं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. लिहायची सवय नाही, आणि तोंडाने मी फटकळ आहे हे आमच्या चाळीत कोणीही सांगेल. पण दोन वर्षं हे पोटात घेऊन फिरतेय. कुणापुढे तरी ओतल्याशिवाय आता राहवत नाही. शब्द इकडचे तिकडे झाले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही मूळचे कोकणातले. माझे मालक गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला, गिरणी गेली, आणि परळची खोली सोडून आम्ही भांडुपच्या टेकडीवर बैठ्या चाळीत राहायला आलो. ते साकीनाक्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले आणि मी पवईला एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागले. मुलगा एकच. बारावी झाली आणि एक दिवस येऊन म्हणाला, आई, मी फौजेत नाव घातलं. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मालक मात्र शांत होते. त्यांचं बोलणं अजून गावाकडचंच. मला म्हणाले, "गिरण बंद पडता. फौज काय बंद पडणा नाय. जाऊंदे तेका." संपाने माणूस किती घाबरतो ते तेव्हा कळलं. एकुलता एक मुलगा बंदुकीपुढे पाठवायचा, पण त्याची नोकरी पक्की पाहिजे.

पुढे आपली फौज श्रीलंकेत गेली. तिथल्या लोकांची आपसात लढाई चालली होती, ती थांबवायला आपले लोक गेले, असं मालकांनी पेपरात वाचून सांगितलं. मी विचारलं, भांडण थांबवायला जाताना बंदूक कशाला न्यायची? ते म्हणाले, "गप ऱ्हव." थोड्या दिवसांनी मुलाचं पत्र आलं, त्यात त्याची पलटणही तिकडे निघाल्याचं होतं. जायच्या आधी चार दिवस घरी आला होता, तेव्हा मी टेकडीवरच्या देवीचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला आणि वरून टाका घातला. तो हसला. म्हणाला, आई, खिसा शिवलास तर पैसे कुठे ठेवू?

तो गेल्यावर मी देवीसमोर उभी राहिले. त्या दिवशी मी काय मागितलं ते आजवर मालकांनाही सांगितलेलं नाही, इथे सांगते. 'माझ्या मुलाला सुखरूप आण' एवढं म्हणून मी थांबले असते तर ठीक होतं. मी म्हटलं, आई, त्याच्या अंगावर जे येईल ते दुसऱ्या कोणाच्या अंगावर घाल, पण माझा मुलगा मला परत दे. तो आला की पाच सवाष्णी जेवू घालीन, तुला साडी नेसवीन, ओटी भरीन आणि त्याला तुझ्यासमोर उभा करीन. मागताना मला काहीच वाटलं नाही. आई आहे मी, आणखी काय मागणार? तो दुसरा कोण, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

आणि तो आला. थंडीचे दिवस होते, महिन्याची रजा घेऊन आला, हातपाय धड घेऊन आला. टेकडीवर नुसता गोंधळ. कोणीतरी ओरडलं, आपला मारुती लंका जाळून आला रे. लोकांनी हार घातला, त्याने तो लगेच काढून मालकांच्या हातात दिला. मला वाटलं, लाजला. दोन दिवसांनी लक्षात आलं की हा जेवत नाही. ताटावर बसतो, भात कालवतो, दोन घास पोटात ढकलतो आणि हात धुतो. दाढी वाढली होती, करत नव्हता. देवाच्या फळीकडे बघत नव्हता. मी विचारलं की म्हणायचा, पोट बरं नाही. मी ओव्याचं पाणी दिलं, सुंठ दिली, दृष्ट काढली. मीठमोहऱ्या चुलीत तडतडल्या तेव्हा जिवाला बरं वाटलं. माझी अक्कल तेवढीच चालत होती.

म्हटलं, नवस राहिलाय म्हणून हे होतंय. येत्या शुक्रवारी फेडून टाकू. खाणावळीतून सुट्टी घेतली. पहाटे उठून पुरण शिजवलं. चाळीतल्या पाच जणी हळदीकुंकू लावून पाटावर बसल्या, पानं मांडली, समई लावली. आधी मुलाला ओवाळायचं, मग जेवणं, मग सगळ्यांनी मिळून देवीला जायचं, असं ठरलेलं. मी निरांजन घेऊन उभी आणि हा दाराबाहेर पायरीवर. हाक मारली तर आत येईना. परत मारली. तेव्हा उंबऱ्याच्या पलीकडूनच म्हणाला, "मी नाही येत आई. मला सुतक आहे."

ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. घरात सुतक असलं की देवाला शिवत नाहीत, शुभकार्य होत नाही, त्या घरचं अन्न कोणी खात नाही. पाचही बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, कोणाचं रे सुतक? गावाहून तार नाही, पत्र नाही, मेलं कोण? तो म्हणाला, "आहे एकजण." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार बायकांत शोभा, नवस तोंडाशी आलेला आणि हा काहीतरी बरळतोय. निरांजन खाली ठेवलं, बाहेर गेले आणि त्याच्या थोबाडीत मारली. चोवीस वर्षांचा फौजी माझा, त्याने हात वर केला नाही की मान वळवली नाही. मालक घाईने आले, माझा हात धरला. "मारू नको गो तेका," म्हणाले. बायका पानं तशीच सोडून उठल्या. पुरणपोळ्या परातीत राहिल्या. सवाष्णी घरातून उपाशी गेल्या, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दुपारी दार लावून घेतलं आणि आम्ही तिघे बसलो. तेव्हा तो बोलला. हळू बोलला. एका गावातून त्यांची तुकडी चालली होती. याचा एक जोडीदार विहिरीपाशी पाणी पीत होता. कुंपणाआडून एक माणूस उठला, हातात बंदूक, जोडीदारावर नेम धरलेला. याने आधी गोळी चालवली. तो पडला. एवढंच. दोन श्वासांचं काम. नंतर साहेबाने सांगितलं, खिसे तपास. हा खाली बसला. तो याच्याच वयाचा, मिशी नुकती राखलेली, पायात रबरी चप्पल. याला त्याच्या छातीजवळ एक कागदाची पुडी दिसली. याला वाटलं, वाकताना आपलीच पडली. म्हणून स्वतःचा खिसा चाचपला, तर माझा टाका जागेवर, माझी पुडी जागेवर. ती पुडी त्याची होती. उघडली तर आत अंगारा.

हे सांगून त्याने ट्रंक उघडली आणि ती पुडी माझ्या हातावर ठेवली. छापील कागदाचा तुकडा, त्यावर तिकडची गोल गोल तमिळ अक्षरं, आत राखाडी विभूत. घडी कशी घातली होती सांगू? आधी तीन पदरी, मग दोन्ही कडा आत मुडपलेल्या, सांडू नये म्हणून. मीही तशीच घालते. कोणा बाईच्या हाताची घडी ती, मला विचारावं लागलं नाही. त्याच्या अंगावर येईल ते दुसऱ्याच्या अंगावर घाल, असं मी म्हटलं होतं. तो दुसरा आता माझ्या तळहातावर होता.

मुलगा म्हणाला, "त्याला आम्ही तिथेच पुरलं, आई. त्याच्या घरी कोणाला कळलंच नसेल. त्याचं सुतक धरायला कोणी नाही. मग मी धरलं. किती दिवस धरायचं तेवढं मला माहीत नाही." मालकांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि बाहेर जाऊन बसले. मी त्याच्या गालाला हात लावला, सकाळी मारलं होतं तिथेच. आणि मग मला रडू आलं, अगदी गळा काढून आलं. भिंतीला कान लावून बसलेल्या शेजारणींना काय ऐकायचं ते ऐकू दे म्हटलं.

संध्याकाळी मास्तर आले. चाळीत पोथी सांगतात ते, शाळेतून रिटायर झालेले, माणूस खरंच चांगला. सकाळचा प्रकार कानावर गेला म्हणून समजूत घालायला आले. मुलाने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. मास्तर म्हणाले, बाळ, हे पाप नव्हे. देवानेच रणांगणात सांगून ठेवलंय, लढणं हे लढणाऱ्याचं कर्तव्य, तू नुसता निमित्त. शेजारच्या घराला आग लागली की पाणी घेऊन धावणाऱ्याचे हातही पोळतात, म्हणून धावायचंच नाही का? मला ते पटत होतं. खोटं कशाला बोलू, मला ते पटायलाच हवं होतं. पण मुलगा म्हणाला, "मास्तर, तुमचं सगळं बरोबर. मी मारलं नसतं तर माझा जोडीदार मेला असता, त्याला दोन पोरी आहेत. उद्या परत तीच वेळ आली तर मी परत मारेन. पण मग मला अन्न का जात नाही, ते सांगा." मास्तरांनी हातातला कप खाली ठेवला. चहा पण त्यांनी अर्धाच घेतला. उठताना म्हणाले, "ते पोथीत नाही रे." त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

ते गेले आणि दिवेलागणीची वेळ झाली. रोजच्यासारखी मी देवाच्या फळीसमोर गेले, काडी पेटवली, आणि हात पुढे जाईना. मनात नुसता गलबला. दोन आयांनी दोन देवांकडून अंगारा आणला, दोघींनी एकच मागणं मागितलं. माझं ऐकलं, तिचं नाही ऐकलं. का? मी काय तिच्यापेक्षा मोठी भक्त लागून गेले? आणि तिच्या देवाने ऐकलं असतं तर आज ही पुडी त्या घरात असती आणि याच्या खिशातली पुडी कोणा परक्या बाईच्या हातात. देवीचा मला एवढा राग आला की म्हटलं, तूच घातलंस ना त्याच्या अंगावर, मी सांगितलं म्हणून? शहाणी असतीस तर माझ्या थोबाडीत मारली असतीस, मी सकाळी मुलाला मारली तशी. काडी बोटापर्यंत आली, चटका बसला, विझली. मी दिवा लावलाच नाही.

तेव्हाच मला सुतकाचा हिशेब सुचला. आमच्यात मेल्याची बातमी दहा दिवसांनंतर कळली तर सुतक तीन दिवसांचं असतं, कळल्यापासून मोजायचं. मला आज कळलं. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार. मी मुलाला जाऊन सांगितलं, आजपासून घराला सुतक आहे, तुला एकट्याला नाही. सोमवारी सकाळी आपण त्याचं उरकू. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मालकांना वाटलं मला वेड लागलं. "वैऱ्याचा सुतक? कोणी आयकलाहा?" म्हणाले. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाले, "धर. झिलाचो जीव रवलो पायजे." मुलाचा जीव राहायला हवा, एवढंच त्यांना कळत होतं. शेजारणींनी विचारलं तर मी सांगितलं, नात्यातला गेला. तीन दिवस देवाला फूल नाही, फोडणी नाही, गोड नाही. मुलगा माझ्याशेजारी भुईवर झोपत होता.

रविवारी टेकडीवरच्या गुरुजींकडे गेले. त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, बाई, गोत्र माहीत नसलं तर काश्यप लावता येतं. पण नाव नाही, तिथी नाही, आणि वर ज्याने मारला तोच पिंड देणार. मला हे झेपायचं नाही, मी मुलाबाळांचा माणूस. त्यांना दोष देत नाही. कोणीही हेच म्हटलं असतं. उठताना त्यांनी एवढं मात्र सांगितलं की मंत्र नसला तरी भाताला कोणी अडवत नाही.

सोमवारी उजाडल्यावर आम्ही तिघे टेकडी उतरून पवईच्या तलावावर गेलो. खाणावळीत जाता-येता तो तलाव मी रोज बघते, पण त्या दिवशी नवा वाटत होता. धुकं होतं, पाण्यावरून गार वारा येत होता. मालकांनी मुलाची दाढी करून दिली, स्वतःच्या हाताने, डोकंही भादरलं. मी घरून भात करून नेला होता. मुलाने भाताचा गोळा केळीच्या पानावर ठेवला, तीळ टाकले, पाणी सोडलं. मंत्र कोणालाच येत नव्हते. तो म्हणाला, तुझं नाव माहीत नाही, पण हे तुझं आहे. मग आम्ही मागे सरकून बसलो, कावळा शिवायची वाट बघत.

कावळे होते. पलीकडच्या झाडावर वीसपंचवीस तरी होते. पण एक खाली येईना. आपल्यात म्हणतात, मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग घरचे लोक कबूल करत जातात, तुझ्या पोरांना सांभाळू, तुझं कर्ज फेडू, आणि इच्छा बरोबर सापडली की कावळा येतो. आमच्यापाशी कबूल करायला काय होतं? त्याला बायको होती का, बहीण होती का, काहीच माहीत नाही. मालक म्हणाले, "चुकला आमचा." कावळा हलला नाही. मुलगा म्हणाला, परत बंदूक धरणार नाही. म्हणाला आणि लगेच मान खाली घातली, कारण आठ दिवसांनी त्याला परत जायचं होतं आणि खोटं तर त्याला बोलायचं नव्हतं. ऊन वर आलं. भात वाळायला लागला. मुलाचा चेहरा असा झाला की मी मनात म्हटलं, आता हा या तलावातच जातो की काय. ती भीती मी याआधी मनात येऊ दिली नव्हती. आता ती समोरच होती. मी डोळे मिटले. मागायला तोंड उघडवेना. याआधीचं मागणं काय करून बसलं ते पाहिलं होतं. नुसती बसले. देवीला म्हटलं, मला काही कळत नाही, तुला काय करायचं ते कर.

डोळे उघडले तेव्हा एक बाई पाण्याकडे येत होती. साठीच्या घरातली, जाड काठाचं लुगडं, नाकात दोन्ही बाजूंना खडे, कपाळावर विभूतीची आडवी रेघ. हातात स्टीलचा डबा. आम्हाला पाहून थांबली आणि तमिळ वळणाच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये कौवा लोग मेरा रास्ता देखता है. मैं रोज इनको देके फिर खाती. आज लेट हुआ." पानाकडे तिचं लक्ष गेलं. "कौन गया?" असं तिने विचारलं. माझ्या जिभेवर 'नातेवाईक' आलंच होतं. तेवढ्यात मुलगा उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. फौजेत हिंदी बोलायची त्याला सवय. म्हणाला, "अम्मा, मैं लंका में था. आपकी भाषा का आदमी था. मैंने मारा है."

मला वाटलं आता ही ओरडेल, शिव्या देईल, डबा फेकून मारेल. मी उठून मधे पडायच्या तयारीत होते. मुलाने खिशातून ती पुडी काढून तिच्यापुढे धरली. तिने पुडी उघडली, विभूत बोटावर घेऊन हुंगली, कागदावरची अक्षरं वाचली की नाही कळलं नाही, आणि परत तशीच घडी घातली. मुलगा म्हणाला, माफ करो अम्मा. तेव्हा ती जे म्हणाली ते मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलंय. "मैं कौन माफ करनेवाली? मैं उसकी माँ नहीं." मग पानापाशी बसत म्हणाली, "लेकिन वो भूखा है. पहले उसको खाने दो."

तिने डबा उघडला, तूप घातलेला वरणभात होता, तो आमच्या गोळ्याशेजारी त्याच पानावर वाढला. पुडीतली चिमूटभर विभूत दोन्हींवर टाकली. बाकीची पुडी मुलाला दिली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. मग तोंड वर करून तिने कावळ्यांना हाक मारली, रोज मारते तशी, घरच्या माणसांना जेवायला बोलवावं तशी. कावळे आले. आधी एक, मग दहाबारा. तिचाही भात खाल्ला, आमचाही खाल्ला, पान फाडून टाकलं. मला माहीत आहे, कावळे तिच्या रोजच्या भाताची वाट बघत बसले होते आणि हाकेला आले. कोणी मला हे समजावून सांगायला नको. मी एवढंच सांगते की आम्हाला जी इच्छा सापडत नव्हती ती तिला एका क्षणात सापडली. मेलेल्याला भूक होती.

ती आमच्याकडे न बघता डबा विसळून निघून गेली. मुलाने पुडी पाण्यात सोडली. घरी येताना वाटेत म्हणाला, आई, भूक लागली. रस्त्याकडेच्या हॉटेलात त्याने चार पाव आणि दोन प्लेट उसळ खाल्ली आणि मालक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढच्याच शुक्रवारी त्या पाच जणींना मी परत बोलावलं, पाया पडून बोलावलं. मुलाला ओवाळलं. देवीला साडी नेसवली, तो स्वतःहून समोर उभा राहिला. मी काहीही मागितलं नाही. ओटी भरली आणि उलट पावली मागे आले.

तो परत गेला. कोणी विचारेल, एवढं सगळं कळल्यावर पाठवलंच कशाला? पळून आला असता तर दुसरा कोणाचा तरी मुलगा त्याच्या जागी विहिरीपाशी उभा राहिला असता. त्याने स्वतःच तसं म्हटलं. लढाई कधी बरोबर असते का, हे मी खूप उलटसुलट करून पाहिलं. माझ्या दारात कोणी कोयता घेऊन आलं तर मी त्याच्यासाठी पोळ्या लाटत बसणार नाही, मीही हाताला लागेल ते उचलेन, आणि मास्तर त्याला धर्म म्हणतील. म्हणू देत. पण बरोबर असो की चूक, मारलं की सुतक लागतं. ते टाळून जो तो जिंकल्याचे हार घालतो, तिथेच माणसाचं अन्न तुटतं. मला एवढंच कळलं. यापेक्षा जास्त कळलेल्या माणसाने मला सांगावं.

त्याचं एक पत्र आलं. लिहिलं होतं, जेवतो, झोप लागते, काळजी करू नकोस. जेवायच्या आधी भाताचा एक घास दगडावर ठेवतो, पोरं हसतात, पण आता त्यातले दोघेजणही ठेवायला लागलेत. उन्हाळ्यात फौजेचे एक साहेब चाळीत आले, त्यांच्याबरोबर आणखी दोघे. मी त्यांना बघितलं आणि सांगायच्या आधीच समजले. त्याला गोळी लागली होती. कोणाची ते कळलं नाही. तिकडेच अग्नी दिला, अस्थी आल्या.

लोक म्हणाले, तुझा नवस फुकट गेला. नाही गेला. त्या आठ दिवसांसाठी तो मला परत मिळाला, जेवणारा, हसणारा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारा. तलावावर ती बाई आली नसती तर गोळी लागायच्या आधीच तो माझ्या हातून गेला असता, आणि कुढत गेला असता. हे देवीचं देणं मी मानते. त्या बाईला सांगायला म्हणून पुढे तीनदा तलावावर गेले. भेटली नाही. मुलीकडे राहायला आली असेल थोडे महिने, गेली असेल परत. पूर्वी मी देवीसमोर उभी राहून तिने काय करायचं ते तिला सांगायचे. आता नुसते हात जोडते. मालकही येतात, बाजूला उभे राहतात.

सर्वपित्रीला मी दोन पानं वाढते. यंदा वाढली तेव्हा शेजारची सुमन दारात उभी होती. पुरणपोळी टाकून उपाशी उठलेल्या पाच जणींतली ती एक. म्हणाली, "एक पान आपल्या बाळ्याचं. दुसरं कोणाचं गं?" मी म्हटलं, त्याने मारला त्याचं. सुमन उंबरा ओलांडून आत आली. मग अगदी हळू विचारलं, "आणि बाळ्याला ज्याने मारलं, त्याचं नाही वाढणार?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही विचारला नव्हता. हातातलं वाढपाचं भांडं खाली ठेवलं. राग शोधून पाहिला, आत कुठे शिल्लक आहे का. होता, नव्हता असं नाही. मग मी सुमनला म्हटलं, "नाही गं. तो जिवंत असू दे. त्याची आई असेल ना घरात. त्याचं पान वाढायची वेळ देवीने कोणावर आणू नये."